चाकूरपर्यंत विलंबित

परवा नांदेडला आमच्या क्लाससमोर पुन्हा तो मोठा फलक चढवला. शिडीवर दोघं, खाली दोरी धरून एक, आणि फलकावर मागच्या वर्षीच्या पोरापोरींचे फोटो एवढे मोठे केलेले की कुणाचंच नाक जागेवर नाही. फोटोखाली मार्क. हा फलक चढला की समजायचं, सीझन आला. आमच्याकडं लग्नाचा सीझन असतो, उसाचा असतो, तसा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा असतो. थंडी सरता सरता सुरू होतो, मे महिन्यात संपतो, आणि मधल्या दिवसांत माणसाच्या अंगातलं सगळं पाणी घशावाटे निघून जातं. मी जीवशास्त्र शिकवते. किती वर्षं झाली ते मोजायचं सोडून दिलंय. हल्ली श्वसनसंस्था शिकवताना मलाच धाप लागते आणि पोरांना वाटतं, मॅडम अभिनय करून राहिल्यात.

फलकाच्या खालच्या पट्टीत शिक्षकांचे फोटो असतात. हाताची घडी घातलेले, कोट चढवलेले. आमच्या लातूर-नांदेडच्या उन्हात कोट! रसायनशास्त्राच्या जागी यंदा नवीन पोरगा आहे. हुशार आहे, बोलतो छान, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण त्या जागेवर नजर गेली आणि मी रस्त्यातच थांबले. मागून रिक्षावाला ओरडला, ‘ओ मावशी, बाजूला सरका की!’ सरकले. दमलेल्या बाईला बाजूला सरकायला फार काही लागत नाही.

त्या जागेवर हबीब सर होते.

तो सीझन आठवला की आधी गाडीचा वास येतो. तापलेलं रेक्झिन, मागच्या सीटवरच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी, आणि हबीब सरांच्या रुमालाचं अत्तर. क्लास मूळचा लातूरचा. नांदेडला नवी शाखा काढली, फलक लावला, पोरं भरली, आणि मग संचालकांच्या लक्षात आलं की शिकवायला माणसंच नाहीत. म्हणून आम्हा तिघांना आठवड्यातून दोनदा लातूरहून नांदेडला पाठवायचे. गाडी हबीब सरांची. ते रसायन शिकवायचे. मूळचे औशाचे, पन्नाशी ओलांडलेले, किंचित वाकलेले, बोलणं इतकं सावकाश की समोरच्याला वाटावं, हे आता झोपतात की काय. मागं गणिताचे पाटील सर. ते मात्र खरंच झोपायचे. गाडीनं लातूरचं शेवटचं घर सोडलं की यांची मान खिडकीला आणि तोंड उघडं. मी पुढं, सरांच्या शेजारी. मी निलंग्याची, आमच्याकडं बाईला अक्का म्हणतात, तर सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘तुम्हाला मॅडम बोलू का अक्का?’ मी म्हटलं, दिवसभर मॅडम ऐकून कान किटलेत, अक्काच म्हणा. तेव्हापासून अक्का.

सरांना तो सीझन शेवटचा म्हणून दिला होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तासानंतर पोरं मोबाईलवर शिक्षकाला तारे देतात. हॉटेलला देतात, रिक्षावाल्याला देतात, तसेच आम्हाला. सरांना तारे कमी पडायचे. संचालकांनी जानेवारीतच सांगून ठेवलं होतं, ‘हा सीझन बघू सर, फीडबॅक सुधारला तर ठीक, न्हाईतर जूनपासून दुसरी सोय करावी लागंल.’ सोय हा शब्द आमच्याकडं लई सोयीचा आहे. सरांना दुसरं काही येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे, करायचंच नव्हतं. फळा, खडू आणि समोर चार डोकी, एवढंच त्यांना आयुष्याकडून पाहिजे होतं, आणि तेच आता जाणार होतं.

अशात आमच्या गाडीत एक अमेरिकन माणूस येऊन बसला.

झालं असं की एका दुपारी स्टाफरूममध्ये मी पेपर तपासत होते. कूलर नुसता आवाज करायचा, वारं नाही. फोनवर अभ्यासात मन लागावं म्हणून असतं ना तसलं काहीतरी संगीत लावलं होतं. ते संपलं आणि फोननं आपल्याच मनानं पुढचं काही लावून दिलं. आधी मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी जड कपाट सरकवतंय. सावकाश, थांबत थांबत. मग कळलं की हे वाद्यांचं आहे. खूप माणसं एकदम वाजवतायत, पण एकमेकांना धक्का न लावता. माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. ज्या पोराचा पेपर होता त्याला त्या पानावर जास्तच मार्क दिले गेले असणार. हबीब सर आत आले, त्यांना मी कानातला एक इअरफोन काढून दिला. ते उभ्याउभ्याच ऐकत राहिले. पाण्याचा ग्लास हातात, पिणं विसरले. मग म्हणाले, ‘अक्का, हे कोण हो?’

कोण, ते आम्ही शोधून काढलं. ही सिंफनी होती. म्हणजे शंभरएक वादकांसाठी लिहिलेली, चार भागांची, जवळजवळ तासभर चालणारी रचना. लिहिणारा अमेरिकेतल्या कुठल्याशा छोट्या गावातल्या कॉलेजात मास्तर. आयुष्यभर पोरांना शिकवलं आणि उरलेल्या वेळात सिंफन्या लिहिल्या. काही एकदा वाजल्या, काही एकदाही नाही. त्याच्याच वयाचे दुसरे मोठे झाले, त्यांच्या नावाने सभागृहं झाली, हा राहिला. गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण आम्हाला ते कधीच धड उच्चारता आलं नाही आणि चुकीचं लिहून मेलेल्या माणसाचा आणखी अपमान कशाला करा. सरांनी तीन-चारदा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. ‘आपण याला चाचा बोलू,’ म्हणाले. बस्स, चाचा.

दुसऱ्या खेपेला सर पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यात नेहमी ख्याल भरलेले असायचे, सकाळचे जाताना, संध्याकाळचे येताना. आता त्यात चाचा आला. लातूर सुटलं की सर तो संथ भाग लावायचे, तो कपाट सरकवल्यासारखा. एकदा ऐकून भागायचं नाही, पुन्हा लावायचे, तोवर चाकूर यायचं. चाकूरनंतर मधले दोन भाग. शिरूर ताजबंदला चहा. आणि अहमदपूरचा डोंगर चढता-उतरताना तो जोराचा, संतापलेला भाग, त्यात पितळी वाद्यं अशी काही तुटून पडायची की पाटील सर खडबडून जागे व्हायचे आणि विचारायचे, ‘आलं का लोहा?’

त्या दिवसांत पळस फुललेला असायचा. रस्त्याच्या कडेला, कुणाला गरज नसताना, नुसता लाल. करडईची काढणी चालू. काट्यांमुळं बायांच्या हाताला फडकी गुंडाळलेली. उसाचे ट्रॅक्टर समोर आले की सर गाडी पार मातीत उतरवून थांबायचे आणि आवाज थोडा वाढवायचे. मी खिडकीतून बघत राहायची. एरवी त्या रस्त्यावर मी डोळे मिटून उद्याच्या टेस्टचे प्रश्न आठवत बसायची. चाचा आल्यापासून मला झाडं दिसायला लागली. खरंच सांगते, इतकी वर्षं जाऊन येऊन करडईच्या फुलाचा पिवळा कसा असतो ते मी त्या सीझनला पाहिलं.

सरांची ऐकायची रीत आपलीच. दाद द्यायला एक हात स्टिअरिंगवरून उठायचाच. मी ओरडायची, ‘सर, हात खाली! चाचाबरोबर आपल्यालाही वर जायचंय का?’ ते हसायचे आणि पुन्हा हात उठायचा. सम शोधायची त्यांना खोड. ख्यालाची सवय लागलेला कान, त्याला वाटायचं आता फिरून जागेवर येणार. मांडीवर थाप मारायला हात तयार ठेवायचे. ‘आला… आला… आला…’ आणि चाचा भलतीकडंच वळायचा. ‘न्हाई आला! लई बदमाश हाय हो चाचा!’ असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी वर्गात कधी पाहिला नाही. वर्गात ते आनंदात नसत असं नाही, पण तिथं आता भीतीही होती.

फोनवर त्या सिंफनीखाली लोकांनी लिहिलेलं असायचं. फार नाही, मोजकेच. मी ते गाडीत वाचून दाखवायची, मराठीत करून. एक म्हातारा, चाचाच्याच कॉलेजात पूर्वी तुतारीसारखं काही वाजवायचा तो. त्यानं लिहिलं होतं की आम्ही हे तेव्हा वाईट वाजवलं, आम्हाला कळलं नव्हतं, आता कळतंय. एक नर्स, ड्यूटी संपल्यावर गाडी सुरू करण्याआधी तिथंच बसून ऐकणारी. एकजण तर दर वर्षी येऊन एवढंच लिहून जायचा की मी अजून ऐकतोय. आणि जवळजवळ प्रत्येकाचा एकच राग, या माणसाला कुणी ओळखत कसं नाही! सर म्हणाले, ‘आपण पण लिहू की अक्का.’ मी म्हटलं, सांगा, लिहिते. त्यांनी शिरूरच्या चहाच्या टपरीवर बसून सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं. आम्ही महाराष्ट्रातल्या लातूरचे. गाडीत ऐकतो. तिघंजण असतो, त्यातला एक झोपतो. चाचांना आमचा सलाम. पुढच्या खेपेला त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, लातूर कुठं आलं आणि हे तिथवर पोचलं कसं? सर दिवसभर खूश. नांदेडच्या वॉचमनला पण सांगितलं.

पण खुशीचे दिवस थोडेच. मार्चमध्ये संचालकांनी नांदेडला बैठक घेतली. भिंतीवर आलेख दाखवला. माझी रेघ आपली आडवी, ना वर ना खाली. सरांची खाली चाललेली. संचालक वाईट माणूस नाही, त्यालाही धंदा सांभाळायचा. तो म्हणाला, ‘सर, मीठ पाण्यात का विरघळतं यावर तुम्ही दोन दिवस घालवले.’

‘हाव,’ सर म्हणाले.

‘दोन दिवस, सर! बाजूच्या क्लासमध्ये तेवढ्यात दोन धडे झाले. पोरं बोंबलून राहिलीत. ट्रिक द्या, आणि पुढं चला.’

‘पण ते विरघळतं का, ते कळलं न्हाई तर पुढचं कुठं टेकवायचं जी?’

संचालकांनी आमच्याकडं पाहिलं. पाटील सर पेनाचं टोपण काढून लावत होते. मी म्हटलं, हबीब सरांची पोरं वरच्या वर्गात गेल्यावर अडत नाहीत, मला माहिती आहे, माझ्याकडं येऊन सांगतात. संचालक म्हणाले, ‘वरच्या वर्गात गेल्यावरचे तारे आपल्याला मिळत न्हाईत, मॅडम.’ कपाळ!

त्या दिवशी येताना सरांनी गाडीत काहीच लावलं नाही. उसाच्या गाड्यांचा धूर, समोरून येणाऱ्या एस.टी.चे हॉर्न, पाटील सरांचं घोरणं. लोह्याच्या पुढं आल्यावर ते म्हणाले, ‘अक्का, मी प्रयत्न करतो. ट्रिका देतो.’ आणि खरंच, पुढचे काही दिवस त्यांनी दिल्या. मी शेजारच्या वर्गात शिकवत होते, मधली भिंत पातळ, सगळं ऐकू यायचं. त्यांचा तो सावकाश आवाज घाई करत होता. म्हाताऱ्या माणसाला कुणी हाताला धरून पळवावं तसं ते ऐकवत नव्हतं. माझं मलाच रडू आलं, तेही पेशीविभाजन शिकवता शिकवता. पोरांनी विचारलं, काय झालं मॅडम? म्हटलं, खडूची धूळ.

एप्रिलमध्ये एका दुपारी मला त्या सिंफनीखालचं एक लांबलचक लिहिणं सापडलं. चाचाला ओळखणाऱ्या कुणाचं तरी. त्यात होतं की पहिल्यांदा ही वाजली तेव्हा शेवटच्या भागात एकेक वाद्य गप्प होत गेलं, खर्जातली दोनच राहिली, मग तीही थांबली. लोकांना कळेना संपलं की काय. कुणी टाळी वाजवली नाही. चाचानं आपला कोट घेतला आणि तो घरी गेला. मी वाचता वाचता थबकले. एकेक वाद्य गप्प होणं, खर्जातली दोन, हे तर आमच्या पहिल्या भागात होतं. लातूर ते चाकूर! शेवटी कसं असेल?

सरांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, ‘हां, ते मी नीट लावून घेतलं.’

‘म्हणजे?’

‘कॉम्प्युटरवर उतरवलं तेव्हा जोराचं पहिलं आलं, संथ शेवटी. मला वाटलं, उतरवताना नंबर चुकले. आधी विलंबित, मग मध्य, मग द्रुत. असंच असतं की अक्का! कोण शहाणा माणूस विलंबित शेवटी गाईल?’

मला हसू आवरेना. पाटील सर जागे झाले इतकी हसले मी. तीन महिने आम्ही त्या माणसाची सिंफनी उलटी ऐकत होतो. त्यानं जिथं संपवलं तिथून आम्ही निघत होतो, आणि तो जिथून चिडून निघाला होता तिथं पोचून आम्ही वाहवा करत होतो. औशात ख्याल ऐकत वाढलेल्या आमच्या सरांनी अमेरिकेला ख्याल शिकवला होता. मी सांगितलं की ते नंबर बरोबरच होते, तर सरांनी गिअर बदलला. मग म्हणाले, ‘मग चाचानंच चूक केली.’

तरी नांदेडहून परत येताना त्यांनी ती चाचाच्या क्रमानं लावली, भागाभागांत थांबत. उन्हं कलली होती. लोह्याकडं जाताना तो संतापलेला भाग पहिला आला, आणि मला तो ओळखूच आला नाही. आधी तो विजयासारखा वाटायचा. आता वाटलं, हा माणूस कुणाशी तरी भांडतोय आणि समोर कुणीच नाही. मधले भाग अहमदपूरच्या घाटात गेले. शिरूरला आम्ही चहाला थांबलोच नाही, कुणी थांबू म्हटलंच नाही. चाकूर सोडलं आणि तो संथ भाग सुरू झाला. तोच रस्ता, रस्त्याचा तोच तुकडा, पण आता सगळं घडून गेल्यावरचा. कपाट सरकवणारा माणूस आता दमला होता. एकेक वाद्य थांबत गेलं. लातूरचे दिवे दिसायला लागले आणि आम्ही तिघंही, पाटील सरसुद्धा जागे, त्या उरलेल्या दोन खर्जाच्या आवाजांकडं कान लावून बसलो. मग तेही थांबले. गाडीच्या इंजिनाचा आवाज तेवढा राहिला.

सरांचा हात स्टिअरिंगवरून उठला नाही. ते म्हणाले, ‘अक्का, यानं टाळीला जागाच ठेवली न्हाई बघा.’

‘हो.’

‘ठेवता आली असती. त्याला येत होतं. पहिल्या भागात केवढं जोरदार केलंय.’

‘हो सर.’

‘मग का न्हाई ठेवली?’

मागून पाटील सर म्हणाले, ‘त्याचं म्हणणं तिथं संपत असंल.’ एवढं बोलून ते पुन्हा खिडकीला टेकले. गणिताचा माणूस, कधीतरी बोलतो पण बरोबर उत्तर देतो.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी ट्रिका देणं बंद केलं. मला शेजारच्या वर्गातून ऐकू आलं. तोच सावकाश आवाज, एक वाक्य, मग थांबणं, मग फळ्यावर खडू. मी माझ्या पोरांना म्हटलं, पाच मिनिटं आकृती काढा, आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले. मला बरं वाटलं, आणि धास्तीही वाटली. कारण याचा अर्थ त्यांनाही माहीत होता आणि मलाही.

जून लागता लागता निकाल आले. फलक छापायला गेले. पेढे वाटले, ढोल आणला, गाडीवर चढून पोरं नाचली. सरांना फोनवरच कळवलं की नव्या बॅचपासून येऊ नका. मी संचालकांशी भांडायला गेले. चांगली भांडले, टेबलावर हात आपटून. त्यांनी मला थंड पाणी दिलं आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही दमलाय, चार दिवस रजा घ्या. हे मात्र त्यांचं खरं होतं. नंतर सरांकडं गेले तर ते सामान बांधत होते. देगलूरला मेहुण्याचं खतांचं दुकान आहे, तिथं बसणार म्हणाले. ‘बस झालं शिकवणं, अक्का. ऐकणारं कुणी न्हाई, तर बोलायचं कुणापुढं?’ मी म्हटलं, असं नका बोलू. ते म्हणाले, ‘चाचा बिचारा मेल्यावर तुमच्या-माझ्यापर्यंत आला. एवढा दम माझ्यात न्हाई.’ त्यांच्या पत्नी, रेहाना भाभी, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी चहा घेतला आणि कप स्वतःच विसळून ठेवला.

त्यानंतर मी कायमची नांदेडच्या शाखेत आले. सीझन आले, गेले. सरांशी फोन व्हायचा, मग सणासुदीला, मग तोही नाही. दुकान कसं चाललंय विचारलं की ‘चाललंय’ म्हणायचे, शिकवण्याचं मी विचारायची नाही. रात्रंदिवस पोरांच्या शंका, पालकांचे फोन, टेस्ट सिरीज, यात माझा जीव इतका मेटाकुटीला येतो की दुसऱ्याच्या दुःखाला हात लावायलाही बळ उरत नाही. चाचा अधूनमधून ऐकते. त्याच्याखाली आता आधीपेक्षा जास्त लोक लिहितात. कुणीतरी त्याची जुनी सापडलेली रचना वाजवलीय म्हणे, नव्यानं. सगळे हळहळतात, सगळे म्हणतात अरेरे, हा माणूस जिवंत असता तर! मला त्या सगळ्यांचं प्रेम खरं वाटतं. आणि तरी वाचताना राग येतो, कुणावर ते कळत नाही.

तर परवा तो फलक पाहिला, आणि रविवारी सकाळी मी देगलूरची एस.टी. पकडली. कळवलं नाही. कळवलं असतं तर सरांनी जेवणाचा घाट घातला असता आणि बोलणं तेवढ्यातच राहिलं असतं. नायगाव, नरसी, मधे ऊन चढत गेलं. शेजारी बसलेली बाई तेलुगूत फोनवर भांडत होती, पलीकडचे दोघं कानडीत. मला निलंगा आठवलं. डोळे मिटले तर झोपच लागली, कंडक्टरनं उठवलं.

खताचं दुकान शोधायला त्रास झाला नाही. मेहुणे गल्ल्यावर होते. मी नाव सांगितलं तसे उठून उभे राहिले. ‘या की, या! सर वर हायत.’

‘बरं नाही का त्यांना?’

‘बरे हायत की. रविवारी दुकानात कुठं बसतात ते? वर जावा तुम्ही, जिना इकडून.’

जिन्यात खताच्या गोण्यांचा उग्र वास. अर्ध्यावर आले आणि आवाज ऐकू आला. एक वाक्य. मग थांबणं. मग फळ्यावर खडू. मी कठडा धरून उभी राहिले.

वर पत्र्याची खोली. सतरंजीवर पोरं-पोरी बसलेली, थोडीच. एक-दोघं कामावरून तसेच आलेले दिसत होते, शर्टाला सिमेंट. फलक नाही, कोट नाही, तारे द्यायला फोन कुणाच्या हातात नव्हता. सर फळ्याकडं तोंड करून आकृती काढत होते. ते बर्फ पाण्यावर का तरंगतो ते सांगत होते. मी चपला काढून मागं जाऊन पोरांच्या आड भिंतीला टेकून बसले. एका पोरीनं सरकून जागा दिली.

मला ते येतं. मी विज्ञानाचीच बाई. पण मी ऐकत होते. पाणी गोठताना त्याचे कण कसे एकमेकांचे हात धरतात, धरायचे म्हणून थोडे लांब होतात, मधे जागा कशी राहते, आणि त्या जागेमुळं बर्फ हलका कसा होतो. सर एवढं सांगायला पूर्ण तास घेत होते. मधेच थांबून स्वतःच विचार करायचे. पत्रा तापला होता, घाम मानेवरून उतरत होता, आणि पुढं कडेला बसलेली एक शाळकरी वेणीची पोरगी तोंड किंचित उघडं ठेवून त्यांच्याकडं बघत होती. इतक्या वर्षांच्या माझ्या वर्गात माझ्याकडं असं कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

‘समजलं का?’ सरांनी विचारलं.

‘हो सार,’ सगळे म्हणाले.

‘शंका?’

सरांनी शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली. आणि त्यांना मी दिसले. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं. ते केवढे पिकले होते! काहीतरी बोलायला गेले, पण पोरं समोर होती. मी हात वर केला.

‘बोला अक्का,’ ते म्हणाले.

‘परत एकदा सांगा, सर. पहिल्यापासून.’

पोरं मागं वळून माझ्याकडं बघायला लागली. सरांनी डस्टर घेतलं आणि आमच्याकडं पाठ करून फळा पुसायला लागले. फळा कधीच कोरा झाला होता, तरी ते बराच वेळ पुसत राहिले.